सातव्या दिवसाचा फोन

कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, ती रविवारी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. 2024 च्या श्रावणात त्या सोमवारी आमची सगळी भाऊबंदकी रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणासाठी, अमळनेर तालुक्यातल्या माझ्या माहेरी जमली होती. घरात पन्नासेक माणूस. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या धाकट्या भावाची मोठी मुलगी दिसेना. घरात आम्ही तिला आक्का म्हणतो. वय 15, दहावीत. शोधत शोधत मागच्या खोलीत मीच गेले. तिने काय केलं होतं ते इथे लिहीत नाही, ते वाचून कुणाचंच भलं होत नाही. ती वाचली, एवढं सांगते. पन्नास माणसांच्या घरात एक पोर इतकी एकटी पडू शकते, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

मी पारोळ्याच्या एका पतसंस्थेत कारकून आहे, डॉक्टर नाही. पण पुढचे दोन महिने मी तिच्यासोबत होते. त्या दोन महिन्यांत आम्हाला जे कुणी सांगितलं नाही आणि ठेचा खात शिकावं लागलं, ते लिहून ठेवतेय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत अशी घरं आहेत आणि ती कुणाला विचारायला जात नाहीत. आम्हीही गेलो नव्हतो. जूनपासून आक्काचं जेवण कमी झालं होतं. ती रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसायची आणि भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायची. भावजय म्हणायची, दहावीचं टेन्शन आहे. मीही हो म्हणाले होते.

108 ला फोन केला, गाडी आली, तालुक्याच्या ठिकाणी पोट-रक्त बघून झालं आणि तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तो कोणता, कुठला, सरकारी की खाजगी, ते लिहीत नाही, कारण वॉर्डातली सिस्टर एकटी चाळीस पेशंट बघत होती आणि तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. आक्काला बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. एका बाजूला अर्धांगवायूच्या आजी, दुसऱ्या बाजूला सतत कण्हणारी एक बाई. सकाळी पोलीस आला, कारण अशी केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंदवली जाते. त्याने सगळ्यांसमोर, खाटेपाशी उभं राहून विचारलं, "का केलं? कुणी पोरगा आहे का?" आक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्यानंतर दीड दिवस कुणाशीही बोलली नाही. भाऊ हात जोडून उभा होता. त्याला वाटत होतं, आता पोरीवर गुन्हा लागणार.

गुन्हा लागत नाही. हे आम्हाला महिन्याभराने कळलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 115 प्रमाणे, जीव द्यायचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 309 सारखं, नुसत्या प्रयत्नासाठी शिक्षा करणारं कलमच नाही. ही दोन वाक्यं त्या सकाळी कुणी माझ्या भावाला सांगितली असती, तर तो पोरीच्या उशाशी बसला असता. तो तीन दिवस गेटबाहेर कुणाकुणाला फोन लावत राहिला.

तिसऱ्या दिवशी मानसोपचाराचे डॉक्टर आले, दहा मिनिटं बोलले, गोळ्या लिहून दिल्या. सुटी झाली. मेडिकलमधून महिन्याभराच्या गोळ्यांची पिशवी घेतली आणि ती पिशवी कुणाच्या हातात होती? आक्काच्या. एसटीत सामान जास्त होतं म्हणून भावजयीने तिच्याच मांडीवर ठेवली होती. तीन दिवसांपूर्वी जी पोर मरायला निघाली होती, तिच्या मांडीवर महिन्याच्या गोळ्या, आणि आम्ही दोघी शेजारी बसून हिरव्यागार कपाशीकडे बघत होतो. आजही ती पिशवी आठवली की माझ्या पोटात खड्डा पडतो. सुटी देताना कुणी एक वाक्य बोललं असतं: गोळ्या मोठ्या माणसाकडे, कुलपात.

घरी आल्यावर भावाच्या सासूने सांगितलं, "बाहेरनं से काही तरी." म्हणजे बाहेरची बाधा. एका देवस्थानावर नेऊनही झालं. मी आडवी आले नाही. आजीचा जीव तिथे शांत होत असेल तर होऊ दे, फक्त गोळी चुकवायची नाही आणि मारझोड, धूर, उपास काही करू द्यायचं नाही, एवढं मी भावाकडून कबूल करून घेतलं. असं घर असलेल्यांना माझं हेच सांगणं आहे. तिथे भांडण केलं की पोरीचा उपचार बाजूला पडतो आणि भांडणच चालू राहतं.

आठवडाभराने रात्री दोन वाजता मी ओट्यावर बसून 14416 लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची फुकट सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, चोवीस तास चालू. हा नंबर मला दवाखान्याच्या भिंतीवर दिसला होता, कुणी सांगितला नव्हता. मराठी निवडलं आणि एका बाईंचा आवाज आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ती आत्ता तुम्हाला दिसतेय का?" मी म्हणाले, आत झोपलीय. त्या म्हणाल्या, "उठून जा, दिसेल अशा जागी बसा, मग बोलू." मी दाराशी जाऊन बसले. मग त्यांनी घरात काय काय आहे ते विचारलं. कपाशीच्या फवारणीची औषधं कुठे ठेवता? गोळ्या कुणाकडे? मी खरं ते सांगितलं, औषधं पडवीत, गोळ्या फळीवर. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, सकाळ व्हायच्या आत दोन्ही हलवा. आणि तिला थेट विचारा, मरायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

पहाटे भावाने औषधाच्या बाटल्या चुलत्याच्या कुलूपबंद खोलीत नेल्या. भावजयीने गोळ्यांसाठी पत्र्याची एक छोटी पेटी काढली, तिच्या लग्नातली, आणि तिची किल्ली मंगळसूत्रात ओवली.

विचारायला मला दुपार उजाडली. तिच्या केसांना तेल लावत होते. मागून विचारलं, म्हणजे तिला माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तिचं.

"आक्का, तुना मनमा मराना इचार येस का?"

बराच वेळ काही नाही. माझे हात थांबले नाहीत. मग ती म्हणाली, "येस. रोज येस." आणि थोड्या वेळाने, "तू पहिलांदाच इचारं."

इतके दिवस सगळ्यांनी तिला का केलं, का केलं एवढंच विचारलं होतं. आत्ता काय वाटतं हे कुणीच विचारलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती पहाटे घरातून निघून गेली. शेताच्या वाटेवर सापडली, पायात चप्पल नव्हती, बोलत नव्हती. आता तिला घरी ठेवणं शक्य नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं. मी पतसंस्थेच्या जुन्या डायरीच्या पाठच्या पानावर नंबर लिहीत गेले आणि एका दिवसात सात ठिकाणी फोन केले. कुणी म्हणालं, अठरा वर्षांखालचे पेशंट घेत नाही. कुणी म्हणालं, घेतो, पण मोठ्या बायकांच्यातच ठेवावं लागेल. एका ठिकाणी होकार मिळाला, पण घरच्या कुणालाही सोबत थांबता येणार नाही म्हणाले. सरकारी मनोरुग्णालयाची चौकशी केली. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. नकाशा काढून बघा, खान्देश कुठे आणि ती कुठे.

शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरांनी, ज्यांच्याकडे आम्ही पहिल्यांदाच जात होतो, आमच्यासमोर स्वतःच्या मोबाइलवरून नाशिकला फोन लावला. मुलांसाठी वेगळ्या खोल्या आहेत का, नातेवाईक थांबू शकतो का, रात्री किती वाजेपर्यंत पोचलो तर चालेल, सगळं त्यांनीच विचारलं. फी घेतली नाही. शेजाऱ्याची ईको घेऊन आम्ही मालेगाव, चांदवड करत निघालो. मागच्या सीटवर आक्का मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला भावजय. दोन्ही दारांना आम्ही टेकून बसलो होतो. पाच तासांत ती एकच वाक्य बोलली, "मना जीव लागत नही कोठेच."

नाशिकला मला पहिल्यांदा कळलं की मुलाला मानसोपचारासाठी भरती करायची एक ठरलेली रीत आहे. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 87. अर्ज पालकाने करायचा, त्याला तिथे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. दोघांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं आणि त्या दोघांत एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवाच. मुलाला मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा त्याने ठरवलेलं माणूस भरतीच्या पूर्ण काळात सोबत राहणार. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबत बाई हवी. भरतीची खबर 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची आणि मुक्काम 30 दिवसांवर गेला तर मंडळाने तो तपासायचा. विजेचा उपचार, म्हणजे शॉक, मुलांना पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देताच येत नाही. हे शेवटचं भावजयीसाठी महत्त्वाचं होतं, कारण रस्ताभर तिच्या मनात तीच भीती होती.

म्हणजे आम्हाला फोनवर जी दोन उत्तरं मिळाली होती, मोठ्यांच्यात ठेवू आणि सोबत थांबता येणार नाही, ती दोन्ही कायद्यात बसत नव्हती. आम्ही दोन्हींना जवळपास हो म्हणणार होतो.

डॉक्टरांनी भावाला विचारलं, भरतीच्या आधी गावाकडे काय काय करून पाहिलं? मला वाटलं, ते देवस्थानाबद्दल विचारताहेत. त्यांनी समजावलं. कायदा म्हणतो की घरी, समाजात राहून करायचे उपाय अपुरे पडले किंवा त्या मुलाला लागू पडणारे नाहीत असं दिसलं, तरच भरती. समुपदेशक, घरी येणारं पथक, शाळेतली मदत. भाऊ म्हणाला, "साहेब, अपुरे पडायला ते असायला तर पाहिजे." डॉक्टरांनी फॉर्मवर काय लिहिलं मला माहीत नाही, पण ते थोडा वेळ पेन धरून बसले होते.

सोळा दिवस मी तिच्यासोबत राहिले. भावजयीला घरी धाकटा आणि दोन म्हशी होत्या. खोलीत दोन खाटा, खिडकीला जाळी, पंख्याला पिंजरा, दाराला आतून कडी नाही. पहिले चार दिवस रात्री दर पंधरा मिनिटांनी सिस्टर यायच्या. बॅटरीचा उजेड तोंडावर न मारता जमिनीवर धरायच्या, श्वास चालतोय ना बघायच्या आणि जायच्या. पहिल्या रात्री मला ते तुरुंगासारखं वाटलं. दुसऱ्या रात्री मी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा झोपले. दुसरं कुणीतरी जागं आहे हे माहीत असलं की माणूस झोपतं. घरी आम्ही पाळ्या लावून जागत होतो आणि एकमेकांवर चिडत होतो.

आधीच्या गोळीबद्दलही तिथेच कळलं. नैराश्यावरच्या या प्रकारच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि लहान वयात सुरुवातीच्या दिवसांत काहींची तगमग आणि मरणाचे विचार उलट वाढू शकतात. म्हणून गोळी बंद करायची नसते, तेवढे दिवस मुलावर बारीक नजर ठेवायची असते आणि काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. आमच्या हातात पिशवी आली होती, हे वाक्य आलं नव्हतं.

कारण काय निघालं, असं मला सगळे विचारतात. एक नव्हतंच. वर्गातल्या मुलींनी केलेली एक मस्करी होती, गणिताची भीती होती, रात्री आईबापांचं कर्जाचं बोलणं तिने ऐकलं होतं आणि आपण नसलो तर खर्च कमी होईल असा हिशेब मनात मांडला होता. तो हिशेब तिने समुपदेशक ताईंसमोर, बापाच्या तोंडावर सांगितला. माझा भाऊ कपाशी पडली तेव्हा रडला नव्हता, आई गेली तेव्हा रडला नव्हता. त्या दिवशी तो त्या छोट्या खोलीत रडला आणि आक्काने उठून त्याला पाणी दिलं. मला वाटतं तिथून ती वळली. डॉक्टर म्हणाले, एका प्रसंगाने काही होत नसतं. होत नसेल. मी तिथे होते.

बाराव्या दिवशी तिच्याकडून एक कागद लिहून घेतला. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, तिच्याच अक्षरात. तो कागद आजही पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. पहिला प्रश्न, माझं मन बिघडायला लागलंय हे कसं कळतं? तिने लिहिलंय: "मी केस विंचरत नाही. मोबाइल उलटा ठेवते. आई हाक मारते तेव्हा ऐकू येतं पण ओ देत नाही." मग, एकटीने काय करायचं: "म्हशीजवळ जाऊन बसायचं." मग, कुणाला सांगायचं. आधी माझं नाव, मग वर्गातल्या एका मैत्रिणीचं, मग बापाचं. शेवटी 14416 आणि दवाखान्याचा नंबर. एक पान. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, मुलाजवळ बसून घाई न करता विचारणारं माणूस लागतं. पहिल्या दवाखान्यात तीन दिवस होतो आम्ही.

पैशाचंही सांगते. माझी पोत मोडली आणि भावाने सोसायटीतून उचल घेतली. ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे त्यांनी लक्षात ठेवावं, याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं. आमच्याकडे विमा नव्हता.

सुटी देताना तिथल्या समाजसेविकेने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मावशी, आता खरी काळजी. दवाखान्यातून घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. पहिल्या आठवड्यात तर डोळ्यात तेल घालून बघा. मी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करीन." मला वाटलं, सगळेच म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. ती आधी आक्काशी बोलली, मग माझ्याशी. सातव्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी आक्का सकाळपासून गप्प होती आणि मी पेटीच्या झाकणावरचा कागद दोनदा वाचून आले होते. समाजसेविकेने डॉक्टरांना जोडून दिलं, डोस बदलला, आणि आम्हाला नाशिकला पळावं लागलं नाही. दोन फोन, फार तर अर्धा तास. पहिल्या दवाखान्यातून सुटल्यावर कुणी सातव्या दिवशी विचारलं असतं, तर पोळ्याची ती पहाट आमच्या घरी उगवली असती का, हा प्रश्न मी अजून मनातून काढू शकलेली नाही.

शाळेत मी आणि भाऊ दोघं गेलो. वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं, वर्गाला काही सांगायचं नाही असं ठरलं. तिने आक्काला दाराजवळचा बाक दिला. जीव घाबरला तर न विचारता उठून ऑफिसात जाऊन बसायचं. नाशिकच्या समाजसेविकेने मला सांगितलं होतं, 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं होतं. मी ते बाईंना सांगितलं. आक्काच्या वर्गाचा पट साठ. बाईंनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वर्गात चार." मग हजेरीपटाकडे बघत राहिल्या.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. गोळ्या मिळतात, तपासणी होते, आणि आता आक्काचा दर महिन्याचा फेरा जवळच होतो, ही सोय लहान नाही. पण रात्री अकरा वाजता पोर हाताबाहेर गेलं तर त्याला ठेवायला जागा हवी. मी अर्ज दिला आहे. प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी वेगळ्या चार खाटा, शेजारी घरच्या माणसाची खाट, रात्रपाळीला फक्त त्या चार खाटा बघणारं एक माणूस, आणि सुटीनंतर तिसऱ्या व सातव्या दिवशी फोन. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. मी दर महिन्याला त्याची विचारपूस करते आणि करत राहणार आहे.

आक्का दहावी पास झाली. गणितात 41. गोळी अजून चालू आहे, भावजय रोज रात्री पेटी उघडून एक काढून देते. मधल्या काळात दोनदा तिने मला रात्री उठवलं आणि दोन्ही वेळा आम्ही म्हशीजवळ जाऊन बसलो.

गेल्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेत एक बाई एफडी मोडायला आली. मुदत पुरी व्हायला चार महिने होते. मी कारण विचारलं नाही, पण फॉर्म भरताना तिनेच सांगितलं, मुलगा सोळाचा, कालच दवाखान्यातून घरी आणला. मी तिला बाकावर बसवलं आणि विचारलं, गोळ्या कुणाकडे आहेत? म्हणाली, त्याच्याच कप्प्यात. मी काउंटर सोबतीणीकडे दिला आणि तिच्याबरोबर बाजारात जाऊन एक कुलूप घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला फोन केला, मुलगाही बोलला, दोनच शब्द. उद्या सातवा दिवस आहे. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फोन करायचा आहे.